बडोद्यात घर नाकारलं तर: संविधान कुठपर्यंत येतं, पुढे काय करायचं

दलालाचा निरोप बहुतेक एका ओळीचा असतो: “सोसायटीवाळा ना पाडे छे,” म्हणजे सोसायटीवाले नाही म्हणतात. टोकन परत येतं, फ्लॅट जातो, आणि आडनाव विचारून झाल्यावरच हा निरोप आला हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलेलं असतं. मग पहिलं वाक्य तोंडी येतं, “हा आमच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे.” मनाला ते पटतं. कोर्टात मात्र ते पहिल्याच तारखेला अडकू शकतं, कारण मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध मागता येतात, शेजाऱ्याविरुद्ध नाही. ही रेषा नेमकी कुठे आहे आणि तिच्या पलीकडे दुसरे कोणते कायदे आहेत, हे आधी कळलं तर निम्मी धावपळ वाचते.

बडोद्याला ही रेषा फार जुनी ओळखीची आहे. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची अट पाळायला इथे नोकरीवर रुजू झाले. संस्थानाने नोकरी दिली, पण शहराने खोली दिली नाही. पारशी सराईत नाव बदलून काढलेले दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागून पाहिला, तोही मिळाला नाही, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. राज्यकर्त्याची इच्छा अनुकूल असूनही माणूस बेघर होतो, तो सरकार आणि समाज यांच्यातल्या या फटीमुळे. पुढे संविधान लिहिलं गेलं तेव्हा ती फट काही ठिकाणी बुजवली गेली. सगळीकडे नाही.

आधी ठरवा: नाही म्हणालं कोण?

कारणापेक्षा हा प्रश्न आधी येतो. संविधानाच्या कलम १२ मध्ये “राज्य” म्हणजे कोण ते सांगितलं आहे: केंद्र, राज्य सरकार, विधिमंडळं, महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था आणि इतर सरकारी प्राधिकरणं. कलम १४ ची समानता, कलम १५(१) मधली धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थानावरून भेदभावाची बंदी, कलम १९(१)(ङ) मधला देशात कुठेही राहण्याचा हक्क, हे सगळं या “राज्या”ला बांधतं.

म्हणून घर महानगरपालिकेच्या किंवा सरकारी आवास योजनेतलं असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. २०२४ मध्ये हरणी भागातल्या एका सरकारी योजनेच्या वसाहतीत एका मुस्लिम कुटुंबाला सोडतीत मिळालेल्या घरावर तिथल्या काही रहिवाशांनी हरकत घेतली होती. अशा हरकतीला कायद्यात आधार नाही. सोडत सरकारी, वाटप सरकारी, तेव्हा धर्म पाहून ते फिरवलं तर कलम १५(१) सरळ लागू होतं. इथे कलम २२६ खाली गुजरात उच्च न्यायालयात रिट करता येते. बडोद्याला खंडपीठ नाही, अहमदाबादला सोल्याला जावं लागतं. त्याआधी पालिकेच्या आयुक्तांना लेखी निवेदन देऊन त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. न्यायालय पहिला प्रश्न हाच करतं: संबंधित अधिकाऱ्याकडे दाद मागितली होती का?

नाही म्हणणारी सहकारी सोसायटी असेल तर चित्र पालटतं. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २००५ रोजी निकाल दिला की सभासदत्व फक्त पारशांना देणारी उपविधी, म्हणजे सोसायटीची नोंदलेली नियमावली, वैध आहे. सोसायटी म्हणजे “राज्य” नव्हे, तिच्यावर मूलभूत हक्क लादता येत नाहीत, आणि सार्वजनिक धोरण शोधायचं ते सहकार कायद्याच्या आतच, असं त्यामागचं तर्कशास्त्र. हा निकाल आम्हाला पटत नाही. जातीधर्मावर उभ्या राहिलेल्या वसाहतींना त्याने कायद्याचं छत्र दिलं. पण तो मोडीत निघालेला नाही, आणि समोरचा वकील पहिला तोच ठेवणार, तेव्हा तो गृहीत धरूनच तयारी करा.

२०२३ च्या जानेवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येऊ शकतात. दार किलकिलं झालं आहे, एवढंच. त्याच्या जोरावर उद्या सोसायटीविरुद्ध रिट टिकेलच असं कुणी सांगत असेल तर त्याला आगाऊ फी देऊ नका.

एकटा घरमालक असेल तर संविधान त्याच्या उंबऱ्याशी बहुतेक थांबतं. बहुतेक म्हणायचं कारण दोन कलमं: १५(२) आणि १७. ही दोन्ही खासगी माणसालाही बांधतात. १५(२) दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, रस्ते यांत प्रवेश नाकारायला मनाई करतं. “दुकान” शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, मागेल त्याला सेवा देणारी जागा म्हणजे दुकान, हे खुद्द आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ मध्ये स्पष्ट केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षणसंस्थांच्या प्रकरणात तोच अर्थ उचलला. फतेगंज, सयाजीगंज भागात पाटी लावून चालणारं पीजी, लॉज, दलालाचं ऑफिस, बिल्डरचं बुकिंग काउंटर यांना हा अर्थ लावून युक्तिवाद करता येतो. वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने देणाऱ्या कुटुंबाला तो लावणं अवघड. कलम १७ म्हणजे अस्पृश्यताबंदी. जात हे कारण असेल तर तुमचं खरं बळ तिथे आहे.

कारण शब्दांत पकडा

नव्वद टक्के प्रकरणं इथे ढासळतात असं म्हटलं तर आकडा काढणं कठीण, पण वकिलांना विचारा, सगळे हेच सांगतील: अन्याय झाला होता, पुरावा नव्हता. नकार कायम तोंडी आणि तिसऱ्याच्या तोंडून येतो. तो लेखी करून घेणं हे तुमचं पहिलं काम.

दलालाला त्याच दिवशी, राग गिळून, मेसेज टाका: “भाई, फ्लॅट नंबर अमुक माटे चेअरमने ना पाडी एनुं कारण शुं हतुं? अमारी अटक ने लीधे के बीजुं कंई?” अटक म्हणजे आडनाव; नकाराचं कारण ते होतं की दुसरं काही, एवढंच विचारायचं. साध्या गुजरातीत, भांडणाचा सूर न लावता विचारलं की तो बहुतेक खरं कारण लिहून टाकतो, कारण त्याला स्वतःवरचा दोष झटकायचा असतो. “इथे फक्त अमुकच ज्ञातीला देतात” एवढं लिहून आलं तरी पुढचा रस्ता मोकळा होतो.

मग सोसायटीला पत्र. गुजरातीतच द्या, त्यांचं इतिवृत्त गुजरातीत असतं. मजकूर चार वाक्यांचा पुरतो: अमुक तारखेला अर्ज दिला, अमुक तारखेला नाकारल्याचं कळलं, नाकारण्याचं कारण आणि ज्या बैठकीत ठराव झाला तिची तारीख व ठरावाची प्रत सात दिवसांत द्यावी, उत्तर न आल्यास सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे दाद मागू. आरोप करू नका, कलमं घालू नका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलं नाही तरी चालतं, गप्प राहणंही पुढे नोंदवता येतं.

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं असेल तर ते तुमचं स्वतःचं संभाषण असलं पाहिजे, दुसऱ्या दोघांमधलं चोरून केलेलं नव्हे. चॅट एक्स्पोर्ट करा, पण मूळ हँडसेट विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारा अंकी ठसा, लिहायचा असतो. नुसता स्क्रीनशॉट छापून जोडला की समोरचा म्हणतो, बनावट आहे, आणि तुम्ही तिथेच खिळता.

एक मोह टाळा. चेअरमनचं नाव, नंबर आणि फोटो फेसबुकवर टाकू नका. पुरावा हातात असला तरी बदनामीची उलट तक्रार होते, आणि मूळ प्रकरण बाजूला पडून तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता.

जातीवरून नाकारलं असेल तर

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत घर बांधणं, घेणं किंवा तिथे राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. रक्कम वाचून वाईट वाटतं, पण या कायद्याचं मोल त्याच्या कलम १२ मध्ये आहे: अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य झालं की ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायचा भार समोरच्यावर. घराच्या प्रकरणात मनातला हेतू सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं, तिथे हे कलम फार कामाला येतं. तरी पोलीस ठाण्यात त्याचं नाव क्वचित निघतं. तुम्ही काढा.

दुसरा कायदा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिने कलम ३(१)(झेड-सी) मध्ये सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार गुन्हा केला, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. “आर्थिक बहिष्कार” या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणं आणि नेहमीच्या अटींवर होणारी गोष्ट नाकारणं हेही येतं. जात कळल्यावर ठरलेला भाडेकरार मोडणं त्यात बसवता येतं. जातिवाचक शिवीगाळ किंवा अपमान झाला असेल तर कलम ३(१) ची (आर) आणि (एस) ही उपकलमं आहेत, पण त्यांना “लोकांच्या नजरेसमोर” ही अट आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं कुणी हजर नसताना चार भिंतींच्या आत झालेलं बोलणं त्या अटीत बसत नाही. म्हणून वॉचमन, शेजारी, पार्किंगमधले लोक, कोण कोण ऐकत होतं त्यांची नावं त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.

ठाण्यात नेहमी घडतं ते असं: पोलीस म्हणतात, “अरजी आपी दो, तपास करीशुं.” अरजी म्हणजे साधा अर्ज, एफआयआर नव्हे. अत्याचार कायद्याच्या १८-अ कलमाप्रमाणे त्याखालची एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे नम्रपणे आणि लेखी सांगा. तरी घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना, शहरात पोलीस आयुक्तालयाला, टपालाने तक्रार पाठवा, त्यानंतर न्यायालय. अत्याचार कायद्याचा तपास पोलीस उपअधीक्षक, म्हणजे शहरात एसीपी, दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. हवालदाराने जबाब घेऊन फाइल मिटवली तर तेच तुमच्या अपिलाचं कारण होतं. मदतीला १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

जातीचा दाखला सुरुवातीलाच जोडा. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक शंका असते, म्हणून सांगतो: महार ही जात गुजरातच्या यादीतही आहे, आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

धर्म, खाणं, एकटेपण, जोडीदार

इथे कायदा आणि नीती यांच्यातली दरी उघडी पडते, आणि ती सांगताना आम्हाला त्रास होतो. खासगी घरमालकाने धर्मावरून भाड्याने घर नाकारलं तर त्याला शिक्षा करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. “नॉनव्हेज खाणाऱ्यांना देत नाही”, “बॅचलरला देत नाही”, “लग्न झालेलं नाही, देत नाही” यांवरही नाही. लग्नाविना एकत्र राहणं गुन्हा नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून मुक्त झाले, आणि त्या निकालात संवैधानिक नैतिकता समाजाच्या नैतिकतेच्या वर ठेवली गेली. संवैधानिक नैतिकता ही आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, असं आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत म्हणाले होते. पण त्या निकालाने सरकारचा दंड थांबवला, सोसायटीच्या चेअरमनला काही आदेश दिला नाही. कमिटी “आमच्या संस्कारांत बसत नाही” म्हणते, तुम्ही “संविधानाच्या नीतीत बसत नाही” म्हणता, आणि निबंधकाच्या टेबलावर दोन्ही वाक्यं सारखीच निरुपयोगी ठरतात. तिथे चालते ती उपविधी.

दोन अपवाद लक्षात असू द्या. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा, २०१९ आणि एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ या दोन्हींत राहण्याचं, भाड्याने किंवा विकत घेण्याचं घर नाकारायला स्पष्ट मनाई आहे, आणि ती खासगी मालकालाही आहे.

खाण्याचं कारण पुष्कळदा आडोसा असतो. त्याच इमारतीत मांसाहार करणारी, पण “चालणाऱ्या” आडनावाची दोन कुटुंबं राहत असतील, तर खरं कारण जात किंवा धर्म आहे हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो. जात असेल तर वरचा रस्ता खुला होतो.

सोसायटीची उपविधी वाचा

आधी नोंदलेली उपविधी हातात घ्या. कमिटी दाखवते तो छापील “नियम” आणि निबंधकाकडे नोंदलेली उपविधी यात फरक निघणं नित्याचं आहे. सोसायटी माहिती अधिकाराच्या कक्षेत सहसा येत नाही, पण निबंधक येतो, आणि त्याच्याकडे असलेली किंवा तो कायद्याने मागवू शकतो अशी माहिती तुम्हाला मिळते. जिल्हा निबंधक, सहकारी मंडळी यांच्या कचेरीत अर्ज करा, गुजरातमध्ये फी २० रुपये, मुदत ३० दिवस. मागा: नोंदणीकृत उपविधीची प्रत, मंजूर दुरुस्त्या, आणि गेल्या तीन वर्षांतल्या सभासद प्रवेशाबाबतच्या तक्रारी.

उपविधीत जातीधर्माची अट नसेल आणि तरी नाकारलं असेल, तर गुजरात सहकारी संस्था कायदा, १९६१ चं कलम २४ तुमच्या बाजूचं आहे: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे अपील आहे. नकार कळल्याच्या आठवड्यातच अपिलाच्या कामाला लागा, मुदतीवर केस गेली की गुणदोषांपर्यंत कुणी पोचत नाही. लक्षात घ्या, हे सभासदत्वाबद्दल आहे, म्हणजे घर विकत घेणाऱ्याबद्दल. भाडेकरूला हा रस्ता मिळत नाही. तिथे ज्याला आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे त्या मालक सभासदानेच भांडायला हवं. तो तयार असेल तर कलम ९६ खाली सोसायटीविरुद्ध वाद नेता येतो.

अशांत धारा असलेला भाग

बडोद्याच्या जुन्या शहरासह बरेच भाग १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली, म्हणजे दंगलप्रवण भागांतले मालमत्तेचे व्यवहार नियंत्रित करणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली, येतात. तिथे विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा यांना कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, नाहीतर व्यवहार रद्दबातल. बानाखत, म्हणजे बाना (आगाऊ रक्कम) देऊन होणारा खरेदीचा करार, करण्याआधी सर्व्हे क्रमांक टाकून तो भाग अधिसूचनेत आहे का हे मामलतदार कचेरीत तपासा. बाना देऊन बसल्यावर हे कळलेली कुटुंबं पैसे सोडवायला वर्षभर फिरतात.

मूळ कायद्याप्रमाणे कलेक्टरने पाहायच्या गोष्टी दोन: विकणाऱ्याची राजीखुशी आणि रास्त बाजारभाव. २०२० च्या दुरुस्तीने अधिकार बरेच वाढवले, तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. अर्जासोबत विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र, जंत्रीचा (सरकारी) दर आणि मूल्यांकन जोडा, म्हणजे दोन्ही मुद्दे पहिल्याच कागदावर सुटतात. नकार आला तर राज्य सरकारकडे अपील, मग उच्च न्यायालय. इथे नाही म्हणणारा कलेक्टर, म्हणजे “राज्य” आहे. सोसायटीपुढे लंगडा पडणारा तुमचा कलम १४, १५ आणि १९ चा युक्तिवाद इथे पूर्ण ताकदीने चालतो.

राहत असताना हुसकावलं तर

कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करा. मालकी कुणाची हा प्रश्न त्यात येत नाही, ताबा जबरदस्तीने घेतला एवढंच पाहिलं जातं. भाडेकरार, पोलिसांकडची भाडेकरू नोंद, वीजबिल, गॅसची पावती यांनी ताबा सिद्ध होतो, म्हणून पोलीस नोंदीची प्रत पहिल्याच महिन्यात मालकाकडून मागून घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला घर सोडायला भाग पाडणं हा अत्याचार कायद्यात कलम ३(१)(झेड) खाली वेगळा गुन्हा आहे.

जिल्हा न्यायालय आता सुरसागरासमोरच्या जुन्या न्यायमंदिरात नाही, २०१८ पासून दिवाळीपुऱ्याला आहे. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००.

तुम्ही कमिटीत असाल तर

दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत अनेक सोसायट्यांच्या कमिटीत मराठी माणसं आहेत, म्हणून हेही सांगायला हवं. येणाऱ्याचं ओळखपत्र, नोकरी, करार, पोलीस नोंद एवढं मागा. जात, धर्म, ताटात काय असतं ते विचारू नका, आणि दलालाला तसा तोंडी निरोपही देऊ नका. अनुसूचित जातीच्या माणसाला नाकारलंत तर नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १२ चं गृहीतक तुमच्याविरुद्ध उभं राहील, आणि “सगळ्यांचं मत होतं” हा बचाव होत नाही, कारण ठरावावर सह्या तुमच्या असतात. उपविधीत ज्ञातीची अट असेल तर सर्वसाधारण सभेत ती काढायचा ठराव मांडा आणि निबंधकाकडून दुरुस्ती नोंदवून घ्या. २००५ च्या निकालाने अशी अट ठेवायला परवानगी दिली, ठेवायची सक्ती केली नाही.

आणि तक्रारदाराला शेवटचं: तक्रार गेल्यावर सोसायटी पुष्कळदा नरमते आणि चावी देऊ करते. घ्या. पण त्याच वेळी “आमची कोणतीही तक्रार नाही” असा कागद पुढे येतो. चावी हातात, करार सही झालेला आणि सोसायटीचं लेखी संमतिपत्र मिळालेलं असल्याशिवाय त्यावर सही करू नका. एफआयआर नोंदली असेल तर असा कागद करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण अत्याचार कायद्याचा खटला आपसात मिटवायचा तर त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं.